ओगावा-सानचा पंखा

ग्योतोकु, ३ जून २०२५

चि. राधिका,

खूप आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फोडशील की तसंच ठेवून देशील, ठाऊक नाही. फोनवर माझा नंबर तू बंद केलास. टपालाला मात्र तसं कुलूप लावता येत नाही. तुझी वहिनी, अनघा, म्हणाली, अण्णा, इथून टाकलेलं पत्र दोन-तीन दिवसांत कोबेला पोचतं. मी म्हटलं, भोसरीहून पुण्यात पोचायला आठवडा लागतो.

चोवीस मेला इथे जपानात तुझ्या भावाकडे, केदारकडे आलो. नव्वद दिवसांचा व्हिसा आहे, एकवीस ऑगस्टचं परतीचं तिकीट. तू आणि मी एका देशात आहोत एवढंच कळवायचं होतं.

तीन वर्षांपूर्वी आयसीयूच्या बाहेर जे झालं ते तू विसरली नसशील. तू म्हणालीस, नळ्या लावू नका असं आईने लिहून ठेवलंय. मी म्हणालो, दाखव कागद. बाळासाहेब मामा होते, केदार होता. कागद काही तुला दाखवता आला नाही, आणि मग मी तोंडाला येईल ते बोललो. तेवीस दिवस तुझी आई त्या मशीनवर राहिली. अशा वेळी माणूस जागेवर नसतो गं. आता शिळ्या कढीला ऊत आणून काय होणार? मी विसरायला तयार आहे, तूही विसर.

इथलं सांगतो. पहिल्याच आठवड्यात केदारची बिघडलेली किटली मी नको त्या दिवशी नको त्या कचऱ्यात ठेवली. पालिकेच्या माणसाने तिच्यावर लाल चिठ्ठी डकवून ती तिथेच ठेवली. अनघाला शेजाऱ्यांपुढे मान खाली घालावी लागली. किटली मी वर आणली, उघडली, दुरुस्त केली. केदार म्हणाला, "अण्णा, नवी दोन हजार येनला मिळते." मिळत असेल. चालू होणारी वस्तू फेकवत नाही मला.

त्यावरूनच अनघाला सुचलं. ती ज्या कंपनीत दुभाषी म्हणून अर्धवेळ जाते, त्यांच्याकडे एक फ्रेंच बाई आल्या आहेत, कलाकार. कावासाकीच्या एका रिकाम्या गोदामात त्यांना चौसष्ट जुने टेबलफॅन लावायचेत. जुन्या मोटरा उघडून सांगणारा माणूस त्यांना हवा होता. पगार नाही, माझ्या व्हिसाला तो चालतही नाही. डबा आणि रेल्वेचं भाडं. उद्यापासून जातो.

तब्येतीला जप.

अण्णा

---

ग्योतोकु, १५ जून २०२५

चि. राधिका,

पहिलं पत्र परत आलं नाही. म्हणजे निदान पोस्टमनला तरी तू घेणार नाही म्हणाली नाहीस. पडत्या फळाची आज्ञा मानून पुढचं लिहितो.

बाईंचं नाव सोलांज वेर्दिए. चौसष्ट वर्षांच्या, माझ्याहून चार वर्षांनी लहान. केस कापलेले, पायात गवंड्याचे बूट, आणि बिडीसारखं बारीक काहीतरी सारखं वळत असतात पण ओढत नाहीत, डॉक्टरने बंद केलंय. त्यांचं काम तुला कसं समजावू? मला समजायला आठ दिवस लागले. चित्र नाही, मूर्ती नाही. एक खोली घ्यायची, तिच्यात एखादी चालती गोष्ट मांडायची, आणि ती आपली आपण संपेपर्यंत लोकांनी येऊन बघायची.

वडील सूतगिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा बाई चोवीस वर्षांच्या होत्या. त्यांनी मालकाकडून एक माग मागून घेतला आणि सूत न लावता नुसता चालू ठेवला. एकोणीस दिवसांनी मोटर जळाली. लोक वेड्यात काढायला आले, ते तिथेच बसून राहिले. वडीलही रोज यायचे म्हणे. ते पहिलं काम. मग बर्फाच्या लादीत गोठवलेली चर्चची घंटा, बर्फ वितळला की खाली पडणारी. मग समुद्रकाठी मिठाच्या भिंती. तीसेक वर्षं हेच.

मधे एक मोठा घोळ झाला. एका संग्रहालयात त्यांनी साठ दिवे लावले होते. एकेक दिवा जाईल, शेवटी अंधार, असं ते काम. पण तिथल्या लोकांना वाटलं, अंधाराला तिकीट काढून कोण येणार? ते रोज संध्याकाळी गेलेला दिवा बदलायचे. चार महिने खोली लखलखीत. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं, "न विझणारी आशा" वगैरे लिहिलं, मोठं बक्षीस मिळालं. बाईंना दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं. त्या गप्प राहिल्या. सहा वर्षं गप्प. त्या नावावरच देशोदेशी बोलावणी येत होती. मग एक दिवस त्यांनी सगळं जाहीर सांगितलं आणि बक्षीस परत केलं. पुढची पाच वर्षं त्यांना कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून त्यांचा नियम आहे. प्रत्येक वस्तूखाली एक कार्ड. ज्याने ज्याने हात लावला त्याचं नाव, तारीख आणि काय केलं ते, त्याच्याच अक्षरात. मीही चौसष्ट कार्डांवर लिहिलं, "वायर बदलली, फ्यूज बसवला. मोहन." माझं काम इतकंच, की मोटर जाम झाली तर फ्यूज उडावा, पंखा पेटू नये. तो मरायला आलाय, त्याला मरू द्यायचं, पण गोदाम जाळू द्यायचं नाही. अनघा रोज बजावते, "अण्णा, याउपर हात खिशात ठेवा हं."

पंखे लोकांच्या घरातले आहेत. इथे मोठी वस्तू टाकायची तर पालिकेचं स्टिकर विकत घेऊन चिकटवावं लागतं. तसे टाकायला काढलेलेच बाईंनी मागून घेतले. तुझ्या कोबेहूनही एक आलाय. तिकडे वीज साठ हर्ट्झची आणि इथे पन्नासची, म्हणून तो बिचारा इथे हळू फिरतो आणि लवकर तापतो.

काल सुरू झालं. चौसष्ट पंख्यांचा आवाज ऐकलास तर हसशील. भोसरीत माझ्या दुकानात सगळी गिऱ्हाइकं एकदम आल्यासारखा.

अण्णा

---

ग्योतोकु, २८ जून २०२५

चि. राधिका,

चौदा पंखे थांबले. एखादा थांबला की तिथे बसलेले लोक उठून किंचित वाकतात. कोणी सांगितलेलं नाही, आपणहून.

एक्केचाळीस नंबरपुढे एक आजी रोज येऊन बसतात. ओगावा-सान, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, दोन बस बदलून येतात. नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं, पन्नास वर्षं. गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस उडवायला हा हिरव्या पात्यांचा पंखा. नवरा गेल्या वर्षी गेला. मुलगा सेन्दाईला असतो, तिकडे या म्हणून मागे लागलाय. त्यांनी त्याला सांगितलंय, पंखा थांबला की येते.

गेल्या आठवड्यात तो पंखा फार कुरकुरत होता. दांडा ज्यात फिरतो तो बुश कोरडा पडला की अशी रड येते. आता सुधारलाय, छान फिरतोय. जुन्या यंत्राचं असं होतं कधी कधी, आपोआप सुधारतं.

तुझी आई म्हणायची, तुम्ही माणसांपेक्षा मोटरांशी जास्त बोलता. खरं होतं. आठवीनंतर शाळा सुटली, मला शिकवायला कोणी नव्हतं. जळक्या मोटरा उकलायच्या, तांब्याच्या तारेचे वेढे मोजायचे आणि तितकेच पुन्हा घालायचे. मोटर गेली म्हणून कोणी रडत आला की मी म्हणायचो, गेली कुठे, समोर तर आहे. चाळीस वर्षांत "होणार नाही" हा शब्द मी गिऱ्हाइकाला सांगितला नाही.

हे का लिहिलं कोण जाणे.

अण्णा

---

ग्योतोकु, ९ जुलै २०२५

चि. राधिका,

मागच्या पत्रात तुला खोटं लिहिलं. पंखा आपोआप सुधारला नाही. चोवीस तारखेला, मंगळवारी, ओगावा-सान आल्या नव्हत्या आणि बाकीचे डबा खायला बाहेर गेले होते तेव्हा मी त्यात दोन थेंब तेल घातलं. शिलाई मशीनच्या तेलाची छोटी कुपी माझ्या शर्टाच्या खिशात असतेच. ती रड मला ऐकवेना. तेल जिरलं आणि पंखा लोण्यासारखा फिरायला लागला. आतून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू.

बुधवारी ओगावा-सान आल्या, बसल्या, कान देऊन ऐकत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही. मग रोज. उकाडा किती, तू जाणतेस. काल जाताना उठल्या आणि भिंतीला धरून उभ्याच राहिल्या. अनघाने पाणी दिलं. तेव्हा त्या हळूच बोलल्या आणि अनघाचा चेहरा उतरला. मी म्हटलं, काय झालं?

"अण्णा, त्या म्हणतात, त्या आठवड्यात सोमवारी त्याचा आवाज ऐकून मला कळलं की आता शेवट आला. मी त्याला ओत्सुकारेसामा म्हणून घेतलं. बुधवारी आले तर तो पुन्हा तरुण. आता मी दमले. हा कोणासाठी फिरतोय?"

ओत्सुकारेसामा म्हणजे काय ते तू रोज ऑफिसात ऐकत असशील. केदार फोन ठेवताना म्हणतो. दमलात, खूप केलंत, आता पुरे.

अनघाने माझ्याकडे पाहिलं. "अण्णा, तुम्ही काही केलंत?"

"छे," म्हणालो मी. सुनेच्या तोंडावर.

सोलांजबाई तोवर पंख्याशी गेल्या होत्या. मागच्या बाजूला बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग माझ्या खिशाकडे पाहिलं. खिशावर रुपयाएवढा तेलाचा डाग. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "का केलंत?"

"सवय."

"नाही."

मी म्हटलं, "रडत होता तो. मी मदत केली."

त्या थांबून थांबून बोलल्या आणि अनघा खाली बघत सांगत गेली. "त्याला नाही केलीत. तो थांबलेला तुम्हाला बघवणार नव्हता, म्हणून तुम्ही स्वतःला मदत केलीत. आणि त्याची किंमत म्हणून या बाईंना रोज इथे बसवलंत."

राधिका, मला परक्या देशात, परक्या बाईने, सुनेच्या तोंडून हे ऐकवलं. म्हटलं, तेल पुसून काढतो. त्या म्हणाल्या, घातलेलं तेल निघत नसतं. मग एक्केचाळीसचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मी अनघाला म्हटलं, तू लिही. बाई म्हणाल्या, ज्याचा हात त्याचं अक्षर.

मी लिहिलं: "२४ जून रोजी मी, मोहन, या पंख्यात दोन थेंब तेल घातलं. कोणाला विचारलं नाही. विचारल्यावर नाही म्हणालो." खाली अनघाने जपानीत लिहिलं. ओगावा-साननी उभ्या उभ्या वाचलं. मला वाटलं, इथली माणसं सौजन्याची, असू दे म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. कार्ड जागेवर ठेवलं, पिशवी उचलली आणि गेल्या. आज आल्या नाहीत.

पंखा फिरतोय.

अण्णा

---

ग्योतोकु, १३ जुलै २०२५

राधिका,

आज रविवार. केदार आणि अनघा बाजारात गेलेत. तीनदा लिहून तीनदा फाडलं.

ओगावा-सानचं पोस्टकार्ड आलं, अनघाच्या नावे. त्या सेन्दाईला गेल्या. लिहिलंय, सोमवारी निरोप घेतला होता तोच खरा, पंख्याचं तुम्ही बघा. त्यांना निदान तो सोमवार मिळाला. तुझ्या आईला तेवढाही मिळाला नाही.

आता लिहितो. आईचा कागद होता. माझ्याकडे होता.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या दिवशी मी विम्याचे कागद आणायला घरी गेलो. तिच्या पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात तो सापडला. मेडिकलवाल्याने दिलेल्या कॅलेंडरचं मार्चचं पान, मागच्या कोऱ्या बाजूला तिचं अक्षर. "मला नळ्या लावून ठेवू नका. घरी न्या. राधिकाशी बोलले आहे, तिला विचारा. विद्या." मी तो चार घड्या करून शर्टाच्या खिशात घातला.

तू म्हणालीस, कागद आहे, पासबुकात आहे, माझ्यासमोर लिहिलाय. मी म्हटलं, आण. तू रिक्षा करून घरी गेलीस, कपाट उपसलंस, गाद्या उलथ्या केल्यास. परत आलीस तेव्हा तुझे हात रिकामे होते आणि माझा खिसा भरलेला. हातभर अंतरावर उभी होतीस. आणि मी बाळासाहेबांसमोर, केदारसमोर तुला म्हणालो, "खोटारडी. आईला मारायला निघालीस." हे शब्द पहिल्या पत्रात लिहायला माझी जीभ, म्हणजे माझं पेन, अडलं. "माणूस जागेवर नसतो" असं लिहून मोकळा झालो. मी जागेवर होतो, राधिका. पुरता शुद्धीत होतो.

का केलं? मशीन चालू होतं. त्यावरची रेघ हलत होती. चालू असलेली गोष्ट मी आजवर बंद केली नाही, हे एक. दुसरं कारण फार हलकं आहे, पण खरं आहे. तिने लिहिलं होतं, राधिकाला विचारा. अडतीस वर्षं माझ्याबरोबर संसार केला आणि जाताना विचारायला सांगितलं लेकीला. मला सांगून उपयोग नाही हे ती ओळखून होती. तेच झोंबलं. तिचं म्हणणं खोटं पाडायला म्हणून मी तिला तेवीस दिवस ठेवलं का? तसं नसेल. नसावं. शेवटच्या आठवड्यात तिने माझा हात दोनदा ढकलला. मी नर्सला म्हटलं, बघा, ताकद येतेय.

कागद जाळायला गेलो होतो. जमलं नाही. पासपोर्टच्या कव्हरात आहे, इथेच, जपानात.

हे पत्र टाकायची हिंमत होते का बघतो.

अण्णा

---

ग्योतोकु, १९ जुलै २०२५, सकाळ

राधिका,

तेरा तारखेचं पत्र सहा दिवस माझ्या बॅगेत पडून होतं. रोज स्टेशनजवळच्या लाल पेटीपर्यंत जायचो आणि परत यायचो. आधी वाटलं, भीती. मग उमगलं, नुसती भीती नाही. चारचौघांत केलेला आरोप बंद पाकिटात मागे घेता येत नाही. तुला एकटीला सांगितलं असतं तर तू पुन्हा एकटीच राहिली असतीस. जगाच्या लेखी तू खोटारडीच, आणि मी कळवळा आलेला बाप.

काल संध्याकाळी जेवायच्या आधी कागद टेबलावर ठेवला. केदारला म्हटलं, वाच. त्याने वाचला. आईचं अक्षर ओळखून त्याने त्यावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "हा कुठे सापडला?"

"सापडला नाही. होता. माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवसापासून."

अनघाने गॅस बंद केला.

"अण्णा, मी राधिकाच्या लग्नाला गेलो नाही," केदार म्हणाला. "सही करायला साक्षीदार म्हणून तिने मला बोलावलं होतं. तुम्ही म्हणालात, जाऊ नकोस. मी इथून तिला मेसेज पाठवला, आधी अण्णांची माफी माग. माझ्या बहिणीला मी माफी मागायला लावत होतो, अण्णा!"

मी म्हटलं, "चूक माझी आहे, तुझी नाही."

"माझी मी बघतो. तुम्ही आता बोलू नका."

पण एक करायचं होतं. त्याच्यासमोर, स्पीकर लावून, बाळासाहेब मामांना फोन लावला आणि हेच सगळं सांगितलं. "दाजी, माझी बहीण होती ती," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी त्यांचाच फोन. माझ्याशी एक शब्द नाही. "केदार, पोरीचा नंबर पाठव. आत्ता." त्यांचा फोन तुला येईल, आलाही असेल. वयाने मोठे आहेत, रडतील. त्यांना रडू दे.

केदार जेवला नाही. कोबेचं तिकीट काढलं, पहिल्या गाडीचं. आत्ता आंघोळीला गेलाय. कालपासून माझ्याशी बोलत नाही. मी म्हटलं, मीही येतो. तो नको म्हणाला, आणि त्याचं बरोबर आहे. अनघा तेवढी सकाळी चहा ठेवून गेली. म्हणाली, "अण्णा, आधीच सांगायचं होतंत." मग दाराशी थांबली आणि म्हणाली, "पण सांगितलंत."

सोलांजबाईंनाही काल दुपारीच सांगितलं, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. विचारलं, तुम्ही ते दिव्यांचं जाहीर केलंत, नंतर बरं वाटलं का? त्या म्हणाल्या, "नाही. लोक परत यायला पाच वर्षं लागली. काही आलेच नाहीत." मला वाटलं होतं, त्या धीर देतील. पण खोटा धीर देणाऱ्या नाहीत त्या.

तर तू येशील, बोलशील, असं काही मी मनात धरलेलं नाही. एकवीस ऑगस्टला मी परत जातो. त्याआधी कोबेच्या स्टेशनवर येऊन उभा राहणार नाही. तू बोलावल्याशिवाय तुझ्या गावात पाऊल ठेवणार नाही. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. पण केदार दाराशी येईल तेव्हा दार उघड. तो माझा निरोप्या म्हणून येत नाही, तुझा भाऊ म्हणून येतोय. काल रात्रीपासून उपाशी असेल, कबूल करणार नाही.

त्याच्याकडे तेरा तारखेचं पत्र आहे, हे आहे आणि तो कागद आहे. कागदाखाली माझी सही करावी असं मनात आलं होतं. केली नाही. त्यावर तुझ्या आईचं नाव आहे आणि तुझं आहे. तिसऱ्याचं काम नाही.

मामांना सांगून झालं, केदारला, अनघाला सांगून झालं. तुलाच तेवढं सरळ सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी तू खरं बोलत होतीस.

अण्णा